रानानं धरलेला दम

मावशी गेली त्याला येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील. तिच्या तोंडच्या एका शब्दाचा अर्थ मी दोनदा चुकीचा लावला. पहिल्या वेळी माझे दोन महिने वाया गेले आणि पुढे त्याच चुकीतून माझा प्रबंध उभा राहिला. दुसऱ्या वेळी काय वाया गेलं ते मला अजून नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शब्द साधा आहे. दम.

मावशी माझ्या नात्याची नव्हती. १९९९ साली मी पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करत होते. विषय होता मातीत पाणी मुरण्याचा. जमिनीवर पाणी साचलं की ते किती वेगाने आणि किती खोल उतरेल, हे आकडेमोडीने आधीच सांगता येईल का, एवढाच प्रश्न होता. आकडेमोड खरी की खोटी हे तपासायला भाताचं एखादं खाचर हवं होतं. माझं गाव परभणीकडचं, तिकडे भात नाही. मार्गदर्शकांच्या ओळखीने मुळशी तालुक्यात, चांद्याच्या बाजूला, एक शेतकरी कुटुंब मिळालं. त्यांनी मला पडवीलगतची खोली दिली आणि घरामागचं खाचर वापरू दिलं. डोंगरापलीकडे हिंजवडीत तेव्हा कंपन्यांच्या पहिल्या इमारती उठत होत्या. दुपारी कुठेतरी सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजत.

घरच्या बाईंना मी मावशी म्हणू लागले आणि त्यांच्या नवऱ्याला काका. पहिल्याच आठवड्यात काकांनी हरकत घेतली.

"हिला मावशी अन् मला काका? मंग आमचं लगीन कुनी लावलं?"

"मावसा म्हन त्यास्नी," मावशी चुलीजवळून म्हणाली. "अन् ते अहो-जाहो तलाठ्याला करायचं. हितं न्हाई."

मावसा माझ्या तोंडी बसला नाही. काका ते काकाच राहिले. मावशीला मात्र मी त्या दिवसापासून तू म्हणू लागले.

माझं सामान पाहून दोघांनाही हसू आलं होतं. वीतभर उंचीची, बिनतळाची दोन लोखंडी कडी, एक मोठं आणि एक त्याच्या आत मावणारं. ती जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातलं पाणी किती मिनिटांत किती उतरतं ते पट्टीने मोजत बसायचं. बाहेरच्या कड्यातल्या पाण्यामुळे आतलं पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. मी एक कडं जास्तीचं आणलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी मावशीने कोंबडीच्या पिल्लांभोवती ठेवलं आणि वर सूप झाकलं. ते मला परत मिळालं नाही.

चैत्र-वैशाखात खाचर कोरडं ठणठणीत असे. काका सायकलला दोन कॅन लटकावून ओढ्याच्या डोहातून पाणी आणून देत. मी दिवसभर मोजत असे आणि शनिवारी वही घेऊन पुण्याला जात असे. तिथल्या संगणकावर माझं प्रारूप चाले. प्रारूप म्हणजे आकड्यांतलं रान. एक मीटर खोलीची माती मी दोन-दोन सेंटिमीटरच्या पन्नास थरांत कापली होती. प्रत्येक थरात ओल किती, हा एक आकडा. मग काही सेकंदांनी काळ पुढे सरकवायचा आणि वरच्या थराने खालच्याला किती पाणी दिलं ते काढायचं. आकडे एकमेकांशी जुळेपर्यंत तेच गणित पुन्हा पुन्हा. जुळले की पुढचे काही सेकंद. असे तासन् तास.

यात हवा कुठेच नव्हती. कोरड्या मातीच्या पोकळ्यांत हवा असते हे कोणाला ठाऊक नसतं? पण पाणी आलं की ती निमूटपणे बाजूला होते असं गृहीत धरायची रीत होती. पुस्तकात त्याबद्दल एकच वाक्य होतं आणि ते वाचून मी पुढे गेले होते.

खाचरातलं पाणी मात्र माझं ऐकेना. संगणक सांगे त्याच्या निम्मंही ते उतरत नसे. तासभर पट्टीवर एका रेघेपाशी खिळून राही. मग एकाएकी पाच-सहा बुडबुडे वर येत, पाणी बोटभर खाली जाई आणि परत खिळे. मला वाटलं कडं नीट बसलेलं नाही, कडेने कुठेतरी गळतं आहे. मार्गदर्शकांना आकडे दाखवले तर ते म्हणाले, "जमीन चुकत नाही. विद्यार्थी चुकतात." मी कडं उपटून दुसरीकडे ठोकलं. तिथून उपटून तिसरीकडे.

"हीर खांदतीस का गं आमची?" काका बांधावरून विचारत.

मावशी शेण टाकायला जाता-येता थांबे. "उतरलं का पानी?"

"नाही गं."

"रानानं दम धरलाय," ती म्हणे आणि पाटी सावरत पुढे जाई.

हे वाक्य तिने त्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल. मला वाटे ती मला धीर देते आहे. आमच्याकडे रडणाऱ्या पोराला, भुकेल्या पाहुण्याला, सगळ्यांना 'दम धर' असंच सांगतात. जमीनसुद्धा दम धरून आहे, मग तुला कसली घाई, असा मी त्याचा अर्थ लावला. इतकंच नव्हे, वहीच्या एका पानाच्या कडेला ते वाक्य मी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं, सुभाषित लिहावं तसं. शेजारी चुकीच्या आकड्यांचा तक्ता होता.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा काका-मावशी भातलावणीआधीच्या चिखलणीच्या तयारीला लागले. डोंगरावरून उतरून वरच्या खाचरात साचलेलं पावसाचं पाणी खालच्या, अजून कोरड्या खाचरात सोडायचं होतं. माझी कडी तोवर बाजूला पडली होती, म्हणून मीही मदतीला गेले. खालच्या बांधाच्या पोटाला खेकड्यांची तीन बिळं होती. एवढ्या मोठ्या बिळांतून सगळं पाणी निघून जाईल हे मला दिसत होतं आणि यांना कसं दिसत नाही याचं नवल वाटलं. मी चिखलाचा गोळा करून पहिलं बीळ बुजवायला घेतलं.

"अगं ए शानी! थांब!" मावशी वरून ओरडली. "आत्ताच नको बुजवू. दम कोंडंल!"

"कुणाचा दम?"

"माजा! रानाचा, दुसऱ्या कुनाचा?"

ती साडीचा ओचा सावरत खाली आली, माझं मनगट धरलं आणि तळवा बिळाच्या तोंडाशी नेला. पाण्याचं टोक अजून बांधापासून हातभर लांब होतं. बिळातून वारा येत होता. कोमट, ओल्या मातीच्या वासाचा, थांबून थांबून येणारा वारा. मी हात काढला, परत लावला.

"पानी वरनं बसलं," मावशी म्हणाली, "खाली पाऊलभरावर टनक भुई. मधला वारा जायचा कुटं? रान दम धरतंया मंग. पानी वरच्यावर ऱ्हातं, खाली शिरत न्हाई. नांगर घातला तर खालची ढेकळं कोरडीच्या कोरडी. म्हनून बिळं ठेवायची. दम सोडला का मंग बुजवायची."

"खेकडा म्हंजी रानाचं नाक," काका म्हणाले. "ते नाकच आमी रातच्याला कालवनात खातो."

"तुमी काय बी खाता."

थोड्या वेळाने तिने स्वतःच बिळाला हात लावून पाहिला. वारा थांबला होता. "आता बुजव," ती मला म्हणाली.

मी चिखलाचा गोळा हातात घेऊन तशीच उभी राहिले. "मावशी, इतके दिवस तू मला हेच सांगत होतीस?"

"मंग? तुला काय वाटलं?"

मी तिला सुभाषिताचं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. हसणं थांबलं तरी खोकला थांबला नाही. ती बांधावर टेकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून खोकत राहिली. "चुलीचा खोकला त्यो," काका म्हणाले. ती उठली आणि आम्ही तिघं कामाला लागलो.

त्यानंतरची तीन वर्षं मी प्रारूपात हवा घालत होते. प्रत्येक थरात आता दोन आकडे झाले, एक ओलीचा आणि एक हवेच्या दाबाचा. दोघांचं गणित एकदम सोडवायला गेलं की आकडे भरकटत. एका थरात दाब इतका चढे की संगणक थांबून जाई. शेवटी मी मावशीच्या बिळाचीच रीत उचलली. हवेचा दाब वाढू द्यायचा, एका मर्यादेपलीकडे गेला की ती वरून फुटून निघते असं मानायचं, दाब उतरला की वाट पुन्हा मिटवायची. एका शनिवारी पडद्यावर आलेख आला आणि त्यात पायऱ्या होत्या. खिळलेलं पाणी, मग बोटभर उतार, मग परत खिळलेलं. मी वहीतला वैशाखातला तक्ता त्याच्या शेजारी धरला. जे आकडे मी चुकीचे म्हणून खोडले होते ते सगळे बरोबर होते.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी 'स्थानिक शेतकऱ्यांचे सहकार्य' एवढंच लिहिलं. मावशीचा शब्द लिहावासा वाटला होता. परीक्षक हसतील म्हणून लिहिला नाही.

मला पुण्यात शिकवण्याची नोकरी लागली. वर्षातून तीन-चारदा मी चांद्याला जात राहिले. आजूबाजूचं सगळं बदलत होतं. लवळ्याच्या डोंगरावर वसतिगृहं उभी राहिली. मावशीचा मुलगा हिंजवडीच्या एका कंपनीत माणसांची ने-आण करणारी गाडी चालवू लागला आणि पहिल्या काही पगारांतून त्याने आईसाठी गॅस आणला. स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला होतं. छप्पर बुटकं, खिडकी एकच, आणि मांजरं येतात म्हणून तीही बंद. तिथे बसलं की डोळ्यांतून पाणी येई. मला ती जागा फार आवडायची.

गॅस आल्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मावशीने मला त्याच्यावरची भाकरी वाढली आणि समोर बसली. "कशी हाय?"

"चांगली आहे," मी म्हणाले. "पण चुलीवरच्या भाकरीची सर नाही हिला."

मला सहज बोलायचं होतं. तिला बरं वाटावं, असंही असेल. त्या दिवसापासून मी येणार म्हटलं की ती चूल पेटवू लागली. मुलगा कुरकुर करी, "ताई, तुमी येनार म्हनलं का आमच्या घराचं इंजिन हुतंय बगा."

"तू गप रं," मावशी फुंकणी खाली ठेवत म्हणे. "तिला चव कळती. तुला काय, ढेकूळ दिलं तरी खाशील."

मला ते ऐकून सुखच वाटे. मी नसताना चूल पेटत नव्हती असं नाही. आंघोळीचं पाणी तिच्यावरच तापे, दूधही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

दोन हजार सहाच्या सुमारास मावशी बसता-उठता धापा टाकू लागली. गावातल्या डॉक्टरांनी दमा सांगितला, गोळ्या दिल्या. एका रविवारी मी गेले तेव्हा ती पडवीत खांबाला टेकून, दोन्ही हात जमिनीवर रोवून बसली होती.

"दम सुटंना गं पोरी," ती म्हणाली.

मी ऐकलं ते असं, की दमा सुटत नाही. "दमा असा लगेच सुटत नाही, मावशी," मी तिच्या शेजारी बसत म्हणाले. "गोळ्या चुकवू नकोस. आणि मोठा श्वास घे. घे बघू. आत. अजून आत."

तिने घेतला. माझ्याकडे बघत ती श्वास आत ओढत राहिली, मी 'अजून' म्हटलं की अजून ओढत राहिली. तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. मी तिचा हात धरून आकडे मोजत होते.

"न्हाई गं," ती शेवटी म्हणाली. "आत लई हाय. भाईर येत न्हाई."

"कफ असेल," मी म्हणाले.

इतकं स्पष्ट तिने सांगितलं होतं. बिळाच्या तोंडाशी माझा हात नेऊन सांगितलं होतं त्याहून स्पष्ट. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या सत्राला अडकलेल्या हवेचाच भाग शिकवत होते. त्यानंतरच्या प्रत्येक भेटीत मी तिला मोठा श्वास घ्यायला लावलं, आणि ती शिकलेल्या पोरीचं ऐकत राहिली.

पुढच्या वर्षी तिला शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि काकांना समजावून सांगितलं, "यांची फुप्फुसं फुगलेली आहेत. श्वास आत जातो, पण बाहेर पडायच्या आधीच आतल्या बारीक नळ्या मिटतात. हवा अडकून पडते. मग नवीन हवा घ्यायला जागाच नाही. किती वर्षं चुलीपुढे?"

"जन्मभर," काका म्हणाले.

"अजूनही?"

मुलाने मान खाली घातली. काकांनी छताकडे पाहिलं. माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही.

"यांना श्वास घ्यायला सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "सोडायला शिकवा. ओठ बारीक करून, हळूहळू, फुंकणीतून फुंकतो तसा."

मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, धूर आधी सुटला असता तर. ते म्हणाले, "चार-पाच वर्षं आधी सुटला असता तर…" आणि त्यांना कोणीतरी हाक मारली.

मी आत गेले. मावशी उशांना टेकून बसली होती. "काय म्हनतो गं डॉक्टर?"

"दम धरलाय म्हणतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कडा हलल्या. "मंग खेकडा आना एकादा," ती म्हणाली. हसली नाही, हसायला तिच्याकडे वारा नव्हता.

माती आणि माणसाची छाती एक नव्हे. वर्गात मुलांनी अशी तुलना केली तर मी ती खोडून टाकते, कारण दोघांची समीकरणं वेगळी आहेत. मला दोन्ही समीकरणं एक करायची नाहीत. मला फक्त हे लिहायचं आहे की शब्द एकच होता, सांगणारी एकच होती, आणि पहिल्या वेळी ती माझं मनगट धरून हात ओढू शकली. दुसऱ्या वेळी तिच्यात तेवढं बळ नव्हतं.

त्यानंतर मी दर रविवारी गेले. आम्ही दोघी पडवीत बसून श्वास सोडायचो. "जन्मभर फुंकनीनं फुंकलं," ती म्हणायची, "आता बिनफुंकनीचं फुकाट फुकायचं." चूल बंद झाली होती. वर्षभर तिला थोडा आराम पडला. एकदा तर ती बांधापर्यंत चालत आली. पुढच्या थंडीत ती गेली. मी तिथे नव्हते. पेपर तपासणीचं काम होतं म्हणून तो एक रविवार मी चुकवला होता.

या पावसाळ्यात मी बऱ्याच दिवसांनी चांद्याला गेले. खालची दोन खाचरं विकली आहेत. तिथे इमारतीच्या खांबांच्या सळया उभ्या आहेत. घरामागचं खाचर अजून आहे. काका पडवीत, मावशी बसायची त्याच खांबाशी बसले होते. अंगणात माझं कडं होतं, आत पिल्लं होती, वर सूप होतं. काकांनी माझ्या नोकरीचं विचारलं, पावसाचं सांगितलं.

सून दाराशी आली. तिचं लग्न होऊन घरात येईपर्यंत मावशी अंथरुणाला लागलेली होती. "ताई, जेवून जायचं," ती म्हणाली. "चूल पेटवू का? परड्यात मांडून ठेवलीया. तुमाला गॅसवरची भाकरी चालत न्हाई, आत्याबाई सांगायच्या."

"नको," मी म्हणाले. "गॅसवरचीच कर."

सून आत गेली. काका पिल्लांकडे बघत होते.

"आत्ता म्हनलीस व्हय," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. आतून भाकरी थापण्याचा आवाज येऊ लागला, मग गॅस पेटल्याचा. सुनेने ताट आणून माझ्यापुढे ठेवलं.

काकांनी ताट बोटाने माझ्याकडे थोडं सरकवलं. "जेव. निवंल."

मी घास घेतला. भाकरी चांगली झाली होती. तेव्हाचीही चांगलीच होती.